खिळ्यावरची किल्ली

जेर्बा बेटावर आम्ही पाच दिवस राहिलो आणि त्यांपैकी चार दिवसांबद्दल मला फारसे काही सांगायचे नाही. समुद्र सुंदर होता, हॉटेलातला नाश्ता रोज तोच होता, आणि जोर्फहून अजीमला येणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत आम्ही इतका वेळ काढला होता, की ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे हे बेट पोहोचण्याआधीच मला नकोसे झाले होते. पाचवा दिवस शनिवार होता.

त्या शनिवारचे बीज फेरीबोटीवरच पडले, कारण गर्दीत कुणाच्या तरी पिशवीत अडकून माझ्या मंगळसूत्राची कडी तुटली. हूमत सूक या बेटावरच्या मुख्य गावाच्या बाजारात सोन्याचांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यूंकडे आहे. तिथल्या एका काळी टोपी घातलेल्या सोनाराकडे मी ते गुरुवारी दिले. त्याने काळे मणी हातावर घेऊन विचारले, "हे धर्माचे आहे का?" मी म्हटले, "सवयीचे आहे." दुभाषाचे काम करणाऱ्या मुलाने माझे उत्तर कसे पोहोचवले कोण जाणे, पण त्या माणसाने एक स्वच्छ रुमाल काढला, त्यात मंगळसूत्र गुंडाळले आणि ते इतर दागिन्यांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवले. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत यायला त्याने दोनदा बजावले. मी पाचला पोहोचले. दुकान बंद होते.

चूक माझीच होती, पण शनिवारी सकाळीही ते दार बंद दिसले तेव्हा राग मात्र मला त्याचा आला. रविवारी पहाटे आमचे विमान होते. शेजारच्या दुकानात गेलाला गावची मातीची भांडी मांडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाजारात सगळे त्यांना 'हाज', म्हणजे हजयात्रा केलेले, म्हणत. त्यांच्या मागे भिंतीत एक खिळा होता आणि त्याला लाल दोरा बांधलेली एक किल्ली लटकत होती. तोच दुभाषा मुलगा त्यांचा नातू निघाला आणि त्याने सहज सांगून टाकले, की ती किल्ली शेजारच्या दुकानाची आहे.

मग मी जे केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी हाजना म्हटले, की मजुरी आधीच दिलेली आहे, वस्तू माझी आहे, किल्ली तुमच्याकडे आहे, दोन मिनिटांचे काम आहे, आणि आज सुट्टी त्यांची आहे, तुमची नाही.

हाज हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी मला स्टूल दिले, पुदिन्याचा चहा मागवला आणि विचारले, की मासे शनिवारीच येत असत त्या गावाची गोष्ट मला ठाऊक आहे का. ही गोष्ट कुराणाच्या सातव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे. समुद्रकाठच्या एका ज्यू वस्तीची परीक्षा पाहण्यासाठी मासे नेमके शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यू पाळतात त्या विश्रांतीच्या, दिवशी पाण्यावर येत आणि इतर दिवशी फिरकत नसत. भाष्यकार सांगतात, की लोकांनी शुक्रवारी जाळी लावून रविवारी मासे काढण्याची युक्ती केली, आणि त्यांना शिक्षा झाली ती याच युक्तीबद्दल. "तुम्ही मला त्याच्या दारात जाळे लावायला सांगता आहात," हाज म्हणाले. "आग लागली किंवा पाणी शिरले, तर ही किल्ली आहे. व्यवहारासाठी नाही."

पुढे मला समजले, की ज्यू धर्मशास्त्रही साधारण हेच सांगते. शब्बाथला जे काम स्वतः करायचे नाही, ते अन्यधर्मीयाला सांगून करवून घ्यायलाही मनाई आहे. म्हणजे त्या सोनाराच्या गैरहजेरीत त्याचा नियम त्याच्याइतक्याच काटेकोरपणे एक मुसलमान पाळत होता, आणि त्याचा आधार स्वतःच्या ग्रंथात दाखवत होता. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणत, एवढे मला शाळेपासून पाठ होते. पण त्या शनिवारी त्यांच्या शेजाऱ्यांनी काय केले असेल, हा विचार मला जेर्बातच प्रथम सुचला.

सर्वधर्मसमभावाची भाषणे ऐकत मी वाढले आहे, त्यामुळे आता हाजही 'सगळे धर्म एकच' असे काहीतरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. ते तसे अजिबात म्हणाले नाहीत. सोनार शेवटच्या पैगंबरांना मानत नाही ही त्याची चूकच आहे आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागेल, असे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले, आणि सोनारही आपल्याबद्दल असाच विचार करतो हेही त्याच सुरात सांगितले. कुराणाच्या पाचव्या सूरेने ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू आणि ख्रिश्चनांचे, अन्न मुसलमानांना वैध ठरवले असल्यामुळे ते सोनाराच्या घरी जेवतात, पण सोनार कोशेर या ज्यू आहारनियमांमुळे त्यांच्या घरचे शिजवलेले अन्न खाऊ शकत नाही. म्हणून सणाला हाजकडून न कापलेली फळे जातात. मला हे एकतर्फी वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासाठी जो त्याच्या देवाला सोडील, तो उद्या मला सोडणार नाही कशावरून?"

या बेटाचा इतिहासही अशा हट्टी माणसांचाच आहे. इथले मुसलमान परंपरेने मोठ्या प्रमाणावर इबादी, म्हणजे सुन्नीही नव्हेत आणि शियाही नव्हेत अशा, इस्लामच्या एका फार जुन्या पंथाचे. त्यांच्या मशिदी ठेंगण्या, पांढऱ्या आणि नक्षीकामाशिवायच्या. ज्यूंचेही तसेच. पॅरिसच्या अलियाँस इस्राएलित या संस्थेच्या आधुनिक फ्रेंच शाळा ट्युनिसमध्ये १८७८ पासून सुरू झाल्या, पण जेर्बाच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्या आपल्या बेटावर येऊ दिल्या नाहीत. १९४८ च्या सुमारास ट्युनिशियात एक लाखाहून अधिक ज्यू होते. आज उरलेल्या हजार-दीड हजारांतले बहुतेक जण याच बेटावर आहेत.

हे चित्र फार गोड करून सांगण्यात मात्र अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही एल घ्रीबा हे प्रसिद्ध सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, पाहिले, जिथे मशिदीसारख्याच चपला बाहेर काढाव्या लागतात आणि वार्षिक यात्रेला मुसलमान बायकाही नवस लिहिलेली अंडी ठेवायला येतात. त्या दाराशी पोहोचेपर्यंत पासपोर्ट, धातुशोधक यंत्र आणि बंदुका यांतून जावे लागते. एप्रिल २००२ मध्ये तिथे गॅसच्या ट्रकचा स्फोट घडवून १४ जर्मन पर्यटकांसह अनेकांना मारले गेले, आणि मे २०२३ मध्ये यात्रेच्या वेळीच एका सुरक्षारक्षकाने गोळीबार करून दोन ज्यू यात्रेकरूंचा आणि सुरक्षा दलातील सहकाऱ्यांचा जीव घेतला. त्याबद्दल विचारले तेव्हा हाजनी चहाचा पेला खाली ठेवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

नवरा कंटाळून हॉटेलवर गेला. मी संध्याकाळी परत आले, तेव्हा मगरीबची अजान झाली. हाज उठले, "दुकान पाहा," एवढेच नातवाकरवी सांगून नातवासह मशिदीत गेले, आणि मी त्या भांड्यांच्या गराड्यात एकटी उरले, समोर ती किल्ली. सूर्य एकच मावळला होता, पण हाजची प्रार्थना मावळतीबरोबर सुरू झाली आणि सोनाराला मात्र आकाशात तीन तारे दिसेपर्यंत थांबायचे होते. किल्लीकडे मी पाहिले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सकाळी मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले होते, ती नजर मात्र आता जमेना.

काळोख पडल्यावर सोनार आला, सणाचे पांढरे कपडे तसेच अंगावर. हाज तोवर परतले होते. सकाळची माझी मागणी ते आता त्याला सांगणार, या धास्तीने मी खाली पाहत बसले, पण त्यांनी अरबीत एकच वाक्य उच्चारले आणि नातवाने ते मला सांगितले : "पाहुण्या तुझी वाट पाहत होत्या." सोनाराने खिळ्यावरची किल्ली काढली, दुकान उघडले आणि तोच रुमाल माझ्यासमोर ठेवला. नवी कडी जुन्यापेक्षा जाड होती.

परतताना हाजकडून मी एक वाडगा घेतला. त्यांनी पंचवीस दिनार सांगितले, मी घासाघीस केली नाही, आणि याचे त्यांना स्पष्टपणे वाईट वाटले.