लेक प्यालीस का?

बेलग्रेडमधल्या पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने पडले. घरमालकीण काकू दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "येसी ली पोपिला लेक?" ताप असला तरी कान शाबूत होते. लेक पिऊन टाकलीस का? मी उशाशी पाहिलं. तिथे फक्त पॅरासिटामॉलची पट्टी होती.

सर्बियनमध्ये 'लेक' म्हणजे औषध. क्रोएशियात तेच 'लियेक' होतं. आणि औषध, अगदी कोरडी गोळीसुद्धा, ही माणसं पितात. आपण गोळी घेतो, फार तर खातो. आपल्याकडे लोक डोकं खातात, तर इकडे मेंदू पितात. एखादा वेड्यासारखा वागला की "व्राना मु पोपिला मोझाक": कावळ्याने त्याचा मेंदू पिऊन टाकला. व्राना स्त्रीलिंगी, म्हणून पोपिला.

मूळ क्रियापद 'पिती'. आपलं 'पिणे' आणि हे एकाच घराण्यातले. पियेम, पियेश, पिये, पियेमो, पियेते, पियू. शाळेत पिबामि, पिबसि घोकलेल्या माणसाला हे पाठ करायला एक दुपार पुरते. बिअर म्हणजे 'पिवो', तीही याच धातूची. गुरांना पाणी पाजायचं तर 'पोयिती'. पिणे आणि पाजणे ही जोडी इतक्या लांब भेटल्यावर मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

भूतकाळात बाई 'पिला', पुरुष मात्र 'पिओ'. शब्दाच्या शेवटी आलेल्या 'ल'चा तिथे 'ओ' झाला. म्हणून तर 'पांढरं शहर' घरच्यांना बेओग्राद आणि बाहेरच्यांना बेलग्रेड. आपल्या 'प्यालो-प्याले'तल्या 'ल'शी नातं जुळवायचा मोह झाला होता, पण आपला 'ल' प्राकृतातून आलेला. सोडून दिलं.

खरी गंमत 'पो'ची. 'पिला साम काफू' म्हणजे कॉफी पीत होते, प्याले. कप रिकामा झाला की नाही, कोण जाणे. 'पोपिला साम काफू' म्हणजे पिऊन टाकली, कप धुवायला घ्या. परक्यांना हा फरक म्हणे फार छळतो. मराठी माणसाला कशाला छळेल? आपल्याकडे 'टाकणे' आहेच. 'ओतपिती' म्हणजे त्यातला घोटभर पिणे आणि 'प्रोपिती से' म्हणजे दारूच्या नादी लागणे, आपण दबक्या आवाजात "तो प्यायला लागलाय" म्हणतो ना, ते. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की "काय करतेस?" ला 'पोपियेम' हे उत्तर चालत नाही. पिऊन टाकण्याचं काम आत्ता, या क्षणी चालू असूच शकत नाही. तिथे साधं 'पियेम'च.

ताप उतरल्यावर काकूंनी हाक मारली, "हायदे दा पोपियेमो काफू." व्याकरणाप्रमाणे, चल, कॉफी पिऊन टाकू. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. लांब दांड्याच्या जेझ्व्यात त्यांनी पाणी उकळलं, कॉफी घातली, फेस काठाशी येताच खाली उतरवली. एवढेएवढेसे कप. तीन वाजले होते. मग शेजारणीची सून झाली, पेन्शन झालं, माझं लग्न का लांबलं तेही झालं. बाहेर अंधार पडला. पाच वाजता काकूंच्या कपात तळाच्या गाळावर अजून घोटभर कॉफी होती.