विमानतळ ते विमानतळ: अंतर जुळलं, आता वेळेच्या मागे

विमानतळांच्या जोड्यांमधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ मांडणारा एक तक्ता मी करतोय. त्यातला अंतराचा भाग आता पक्का झाला. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढणारं हॅवरसाइन सूत्र काढून तिथे पृथ्वीचा चपटेपणाही धरणारं व्हिन्सेंटी सूत्र बसवलं. हॅवरसाइन पृथ्वीला ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतं, पण खरी त्रिज्या विषुववृत्तापाशी ६३७८ आणि ध्रुवांपाशी ६३५७ किमी आहे. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर आधी ५५४० किमी यायचं, ते आता ५५५४ येतं, म्हणजे ३००० नॉटिकल मैलांना जेमतेम एक कमी. चौदा किलोमीटर म्हणजे विमानाचं एक मिनिटही नाही, तरी मला हा बदल हवाच होता. व्हिन्सेंटी वापरणार असाल तर पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या जोड्या तपासून घ्या. तिथे त्याची आवर्तनं (उत्तर पक्कं होईपर्यंत पुन्हा पुन्हा केलेली आकडेमोड) स्थिरावत नाहीत, कार्नी यांची २०१३ ची अंतर काढायची पद्धत मात्र चालते.

वेळेचं काम खरं अवघड, आणि मला तर तेच जास्त आवडायला लागलंय. लांब पल्ल्याची जेट विमानं माख ०.८५ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीच्या आसपास उडतात. वर उणे ५६ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ताशी १०६२ किमी, म्हणून विमानाचा वेग साधारण ९००. पण अंतराला नुसतं ९०० ने भागून वेळापत्रकाशी मेळ बसत नाही. आलेखावर अंतर आणि छापील वेळ मांडली की बिंदू एका रेषेत येतात खरे, पण ती रेषा शून्यातून जात नाही. सुरुवातीलाच अर्धा-पाऊण तास असतो: गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, पुन्हा गेट. ही स्थिर भर घातल्यावर मधल्या पल्ल्याच्या जोड्या छान बसल्या.

आता वारा. जाताना जे मिळतं ते येताना जातं, हिशेब बरोबरीत सुटतो, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. ५५५४ किमी, वेग ८५०, वारा १०० धरून बघा. पाठीवर वारा असताना ५ तास ५१ मिनिटं, तोंडावर असताना ७ तास २४ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही मिळून १३ तास ४ मिनिटं लागली असती, इथे १३ तास १५ लागतात. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणूनच मी प्रत्येक जोडीची एक ओळ मोडून दोन ओळी केल्या, एक जाण्याची आणि एक येण्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये एक बोइंग ७४७ जेट स्ट्रीमच्या, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. अशी उड्डाणं सरासरीत मिसळत नाही, वेगळ्या रकान्यात ठेवतो.

सूत्राच्या बाहेरची एक जोडीही तक्त्यात आहे: हेलसिंकी–टोकियो. सरळ अंतर सुमारे ७८०० किमी. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांच्या प्रवासाला तेरा तास लागू लागले. विमानतळ तेच, अक्षांश-रेखांशही तेच. अशा जोड्यांसाठी 'सरळ अंतर' आणि 'उडालेलं अंतर' असे दोन रकाने हवेत. पुढचं काम तेच.

त्यानंतर अगदी छोट्या टोकाकडे वळेन. स्कॉटलंडमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम २.७ किमीचं, वेळापत्रकात दोन मिनिटांचं. माझी अर्ध्या तासाची भर तिथे साफ निरुपयोगी आहे, त्यामुळे लहान विमानांसाठी वेगळी रेषा काढावी लागेल.