स्पिटफायरला स्पिनर बसवला (माझा अनुभव)

स्पिनर म्हणजे विमानाच्या प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) मधोमध बसणारा कोन, तो घ्यायला गेलं की सगळे आधी कोन हातात घेऊन बघतात, चकाकतो का, टोकदार आहे का, विमानाला शोभेल का. माझं म्हणाल तर कोन शेवटी बघा, आधी तो उलटा करून मागची बॅकप्लेट (कोन जिच्यावर बसतो ती चकती) बघा, कारण सगळा भार तिच्यावर आहे, कोन म्हणजे नुसती टोपी. नुकताच माझ्या स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) उडत्या मॉडेलला स्पिनर बसवला त्यात काय काय करावं लागलं ते लिहितोय, पहिल्यांदाच करणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

विमान प्लॅनवरून बांधलेलं, बाल्साचं, पंख साधारण दीड मीटर, इंजिन ओएस ४६ एएक्स म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो. मला स्पिटफायरची मार्क ८ ही आवृत्ती करायची होती, आपल्या (म्हणजे तेव्हाच्या रॉयल इंडियन) एअर फोर्सच्या ८ नंबर स्क्वाड्रनने ब्रह्मदेशात उडवलेली, राउंडेल (पंखावरची गोल खूण) फक्त निळं-पांढरं, मधला लाल ठिपका गायब, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत झाली तर आपलेच लोक गोळ्या घालायचे. खरी मार्क ८ चार पात्यांची होती पण ४६ च्या इंजिनाला चार पाती लावून ताकद घालवण्यात मला रस नाही, मी ११ बाय ६ चा दोन पात्यांचा एपीसी कंपनीचा प्रॉप लावला. चार खाचांचा (पाती बाहेर यायच्या फटींचा) कोन घेऊन दोन खाचा रिकाम्या ठेवणारे पण बघितलेत, ते मला तोंडातले दोन दात पडल्यासारखं दिसतं असो.

आता स्पिटफायर बांधलेल्या प्रत्येकाला माहितीये की हिचं नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे मॉडेल कायम शेपटाकडे जड येतं आणि मग नाकात शिसं भरत बसावं लागतं. प्लास्टिकचा स्पिनर काट्यावर ३१ ग्रॅम भरला, ॲल्युमिनियमचा ७८. फरक ४७ ग्रॅमचा, पण स्पिनर माझ्या सीजीपासून (विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूपासून) २८ सेंमी पुढे आहे आणि शिसं ठेवायला जी जागा होती, टाकीच्या खाली, ती फक्त १४ सेंमी पुढे, म्हणजे तेच काम करायला तिथे ९४ ग्रॅम शिसं लागलं असतं. हा हिशोब कागदावर केला आणि ॲल्युमिनियमचाच घ्यायचं ठरलं, पैसे दुपटीपेक्षा जास्त गेले तरी. नाक आधीच जड असेल, शिकाऊंचं ट्रेनर विमान वगैरे, तर उगाच धातूच्या मागे लागू नका, चांगल्या नायलॉनच्या प्लास्टिक स्पिनरवर लोक वर्षानुवर्षं उडवतात.

साईज काढायची म्हणजे काऊलच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पुढच्या रिंगचा व्यास व्हर्नियरने मोजायचा, माझा ६३ आला म्हणून अडीच इंची, ६३.५ एमएम. रिंगएवढाच किंवा केसभर मोठा चालतो, लहान घेतला की पुढून काऊलची कड उघडी दिसते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, स्पिनर ही शेवटी घ्यायची वस्तूच नाही. बॅकप्लेट आणि काऊल यांच्यात २-३ एमएम फट लागते कारण आयडलला (कमीत कमी वेगावर) इंजिन त्याच्या माउंटवर (बैठकीवर) हलतं आणि फट नसेल तर प्लेट काऊल खरवडते, ही फट इंजिन माउंटवर किती पुढे-मागे बसवलंय यावर ठरते, म्हणून माउंटला भोकं पाडायच्या आधी स्पिनर हातात पाहिजे. मी बॅकप्लेट शाफ्टवर चढवून तिच्या आणि काऊलच्या मधे जाड पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले, सगळीकडून फट सारखी आली की काऊल चिकटपट्टीने धरून मग तिच्या स्क्रूच्या खुणा केल्या.

स्पिनर ऑनलाइन मागवला होता (दुकानाचं नाव घेत नाही). पानावर पाव इंच शाफ्टसाठी असं लिहिलेलं, आलं ते भोक ८ एमएमचं. ४६ चा शाफ्ट १/४-२८, म्हणजे पाव इंच जाड आणि इंचाला २८ आटे, ६.३५ एमएम. ८ च्या भोकात ६.३५ चा शाफ्ट म्हणजे प्लेट सव्वाआठशे रुपयांची का असेना, वाटेल तशी एका बाजूला बसणार. परत पाठवून दुसरा यायला महिना गेला असता म्हणून भोसरी एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर (लेथवर काम करणारे) काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी प्लेट फिरवून बघितली आणि पहिला प्रश्न, "आरपीएम किती?" म्हणलं अकरा हजार. मग म्हणाले, "मग बुशचं भोक नुसतं ड्रिलने मोठं केलेलं नाही चालायचं, बुश टाकून सेंटरला बोअर मारून देतो."

त्यांनी काय केलं तर पितळेचा बुश (भोकात बसणारी नळी) बाहेरून ८ चा, घट्ट दाबून बसणारा असा काढला, आतून भोक थोडं कमीच ठेवलं, बुश प्लेटमधे दाबला आणि मग प्लेट बाहेरच्या कडेने लेथच्या चकात धरून डायल (कड किती हलते ते दाखवणारं मापक) लावून सेंटर काढलं आणि तेव्हा कुठे आतलं भोक ६.३५ ला नेलं. म्हणजे भोक आणि प्लेटची कड एकाच सेंटरवर. कडेला डायल ०.०५ च्या आतच हलत होतं. बुशची लांबी प्लेटच्या जाडीपेक्षा जराशी कमी ठेवायला मी आवर्जून सांगितलं, कारण बुश बाहेर आला तर नट बुशलाच आवळणार आणि प्लेट सैल राहणार. प्लास्टिकच्या प्लेटला यातलं काही लागत नाही, त्यासोबत वेगवेगळ्या मापाच्या रिंगा येतात, नसतील तर पायऱ्यांचा प्रॉप रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) हाताने फिरवायचा. हँड ड्रिल मात्र नको, ते भोक हमखास एका बाजूला ओढतं.

एवढं सेंटर-सेंटर का करायचं तर एक ग्रॅम जास्तीचं वजन सेंटरपासून ३० एमएमवर असेल तर ११,००० आरपीएमला ते साधारण ४ किलोच्या जोराने बाहेर ओढतं आणि दर फेरीला दिशा बदलतं. मग टाकीत फ्युएलला फेस येतो, बुडबुडे कार्ब्युरेटरमधे जातात, इंजिन लीन होऊन (फ्युएल कमी पडून) बंद पडतं, आणि लोक नीडल (फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसतात.

सगळ्यात जास्त वेळ खाचांनी खाल्ला. कोनाच्या खाचा कुठल्यातरी सरासरी प्रॉपसाठी कापलेल्या असतात आणि एपीसीचा हब (प्रॉपचा मधला भाग) जाड, त्यात कोन मोठा म्हणजे पातं जिथून बाहेर पडतं तिथे ते हबपेक्षा बरंच रुंद झालेलं असतं. पातं कोनाला कुठेही टेकता कामा नये, टेकलं तर कोन प्लेटवर पूर्ण बसत नाही, आपल्याला वाटतं बसला, आणि धातूची कड पात्याच्या मुळाशी चरे पाडत राहते, पातं तुटायची सुरुवात तिथूनच होते. मी कोनावर मास्किंग टेप लावली, पात्याचा आकार पेन्सिलने काढला, बारीक गोल कानशीने थोडं थोडं घासायचं आणि परत लावून बघायचं असं करत जुनं एटीएम कार्ड पात्याच्या कडेने सगळीकडे सरकलं की थांबलो. खाचेचे कोपरे गोलच ठेवायचे, काटकोन ठेवला तर चीर तिथूनच जाते. दोन्ही खाचा सारख्या घासायच्या हे सांगायला नकोच.

मग बॅलन्स. प्रॉप वेगळा, स्पिनर वेगळा, चुंबकाच्या बॅलन्सरवर. जड बाजूने आतून पॉलिश पेपर मारला, थोडंसंच लागलं.

जोडायचा क्रम असा: इंजिनचा ड्राइव्ह वॉशर (शाफ्टवरची जाड चकती), बॅकप्लेट, प्रॉप, मग नट. हा कोन मधल्या एका बोल्टने आवळायचा आहे म्हणून नट साधा नाही, इंजिनच्या आट्यांचा लांब नट ज्याच्या पुढच्या टोकाला बोल्टसाठी आटे पाडलेले असतात, तो वेगळा घ्यावा लागतो. प्लेट आणि जाड हब मिळून शाफ्ट बराच झाकला जातो तेव्हा नटाला पूर्ण आटे मिळतायत का ते मोजा, दोन-तीन आट्यांवर लटकलेला नट कॉम्प्रेशनच्या एका झटक्यात सुटतो. आणि मधला बोल्ट लांब असेल तर नटाच्या तळाला जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतो पण कोन सैलच. मी बोल्ट कोनाशिवाय पूर्ण आत घालून किती जातो ते मोजलं आणि ३ एमएम कापला. प्रॉप आवळताना पिस्टन कॉम्प्रेशनला येतो तेव्हा पाती घड्याळातल्या दहा आणि चारवर येतील असं धरलं, हाताने फ्लिप करायला तेच बरं पडतं.

ग्लो प्लग काढून, काऊलवर टेपने एक काडी कोनाच्या टोकाजवळ येईल अशी लावून प्रॉप हाताने फिरवला. टोक आणि काडीतलं अंतर बदललं नाही. नंतर शनिवारी मैदानावर विमान हलू नये म्हणून जागेवर बांधून ठेवून, सगळ्यांना प्रॉपच्या रेषेतून बाजूला करून फुल थ्रॉटल दिला, टाकीची ट्यूब स्वच्छ, बुडबुडा नाही. उडवल्यावर सीजीसाठी शिसं लागलं ते फक्त २० ग्रॅम.

रंगाचं मात्र अजून जमलेलं नाही. स्टार्टरचं (इंजिन चालू करायला कोनावर टेकवून फिरवायच्या मोटरचं) रबर दर वेळी कोनाच्या पुढच्या भागाचा रंग खातं, टू-के क्लिअर कोट मारून बघितला तोही गेला, सध्या पुढचा भाग तसाच पॉलिश ठेवलाय आणि रबर जिथे पोचत नाही तेवढाच मागचा पट्टा रंगवलाय. स्टार्टरला मोठ्या तोंडाचा रबर कप मिळाला तर तो मागच्या बाजूला धरेल असं एकजण म्हणाला, तो शोधतोय.