ओला चमचा

आमच्या घरी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणं हा खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे. सातवीत असताना मी ताटातला चमचा तसाच कैरीच्या लोणच्यात घातला होता, आठ-दहा दिवसात वर पांढरी बुरशी, अख्खी बरणी फेकली, आणि आई ते अजून पाहुण्यांना सांगते. एवढं ऐकून मोठा झालेला माणूस माशांच्या टाकीत तीच चूक करेल असं वाटत नाही ना, पण केली.

झालं असं की कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून दोन ब्लॅक मॉली आणल्या आणि सरळ हॉलमधल्या टाकीत सोडल्या. (नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात, माहिती होतं, पण रविवारच्या उत्साहात कोण थांबतंय.) चौथ्या दिवशी काळ्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. इक, म्हणजे व्हाइट स्पॉट. एक मॉली गेली, ती जाळीने काढली, जाळी बेसिनवर दोनदा झटकली, आणि त्याच ओल्या जाळीने गॅलरीतल्या टाकीतले गप्पी पकडले कारण तिथलं पाणी बदलायचं होतं. आठवड्याभरात गप्पी पण दगडाला अंग घासायला लागले.

मग बसून वाचलं. तो ठिपका म्हणजे एक परजीवी, माशाच्या कातडीखाली वाढतो, मोठा झाला की गळून तळाला किंवा मिळेल तिथे चिकटतो, आणि तिथे एकाचे शेकडो होतात. ही नवीन पोरं एक-दोन दिवसात मासा सापडला नाही तर मरतात, आणि पूर्ण सुकवलं तर त्यांचं काही चालत नाही. म्हणजे जाळी उन्हात खडखडीत वाळवली असती तरी गप्पी वाचले असते. ओला चमचा, दुसरं काय!

पण काही रोग नुसत्या उन्हाला भीक घालत नाहीत म्हणून मी जंतू मारायच्या मागे लागलो. आधी उकळतं पाणी. जाळीला काही झालं नाही, पण सायफनचा पाइप असा मऊ पडला की शेवयांची आठवण झाली. साबणाचं तर नावच नको, त्याचा अंश राहिला की माशांच्या कल्ल्यांना त्रास.

मग दुकानदार म्हणाला, हायपो वापरा. मी चक्रावलो, कारण कोविडमध्ये सोसायटीचा जिना फवारायला यायचे ते पण हायपो म्हणायचे, आणि मामाचा फोटो स्टुडिओ होता तिथे डार्करूममध्ये फोटो पक्का करायला वापरायचे ते पण हायपो. नाव एक, वस्तू दोन. जिन्यावरचं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. मामाचं ते सोडियम थायोसल्फेट, पांढरे खडे, माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते हेच. पहिलं जंतू मारतं (आणि मासे पण), दुसरं त्या पहिल्याचा क्लोरीन निकामी करतं. एकाच टोपणनावाचे दोघे, एक भांडण लावणारा आणि एक मिटवणारा, असे आमच्या चाळीत पण होते.

तर आता बादलीत एक वाटी साधं ब्लीच, वासाचं किंवा फेसाचं नाही, आणि एकोणीस वाट्या पाणी. बाथरूमची खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज, जाळी दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायची. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर त्या वेळी आसपास सुद्धा नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू होतो आणि मग माशांऐवजी आपल्यालाच तडफडावं लागेल. नंतर नळाखाली भरपूर धुवायचं, अँटीक्लोरीनच्या पाण्यात बुडवायचं, नाकाशी धरून वास बघायचा, मग ऊन. जास्त वेळ ठेवलं तर नायलॉन कुजतं, माझी पहिली जाळी अशीच रात्रभर विसरलो आणि सकाळी बोट आरपार.

उत्साहात चालू फिल्टरचा स्पंज पण बुडवायला निघालो होतो, नशीब थांबलो. त्यात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे चांगले जिवाणू असतात, ते मेले तर टाकी आठवड्यात बसते. त्याला टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचं. विरजण कोणी ब्लीचने धुतं का!

आता दोन टाक्यांना दोन जाळ्या, हॉलची निळी आणि गॅलरीची हिरवी, दोरीवर सॉक्सच्या शेजारी चिमट्याला. आईला ही शिस्त पटली, म्हणाली लोणच्यासारखंच आहे की.

परवा बघतो तर दोरीवर हिरवी नाही. आई स्टुलावर उभी, हिरवी जाळी माळ्याच्या कोपऱ्यात फिरवत होती. कोळ्याची जाळी काढत होते, म्हणे, दांडा बरोबर पोचतो. मी बादली घेऊन बाथरूममध्ये गेलो.