इस्त्रीशिवाय लाटा, एका रात्रीत

ओल्या केसांची वेणी सकाळी आतून दमटच निघते आणि दुपारपर्यंत लाटा गायब. केसाचा आकार तो वाळताना पक्का होतो ना! म्हणून आधी केस जवळजवळ वाळू द्या. हाताला जेमतेम गारवा लागावा. हरभऱ्याएवढं जेल, तेही मधल्या भागापासून खालीच. मग ४ वेण्या; २ घातल्या तर लाटा मोठ्या पडतात. टोकं वर दुमडून सुती चिंधीने बांधा. रबराने खाच पडते आणि मोकळी टोकं झाडूसारखी सरळ राहतात. सकाळी बोटांनीच सोडवा, कंगवा नको.

पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत दाट केस रात्रभर पंख्याखालीही वाळत नाहीत, तेव्हा वेण्या संध्याकाळीच घाला. स्कूटरवर हेल्मेट असेल, तर माथ्यावरच्या लाटा विसरा. वेणी कानाखालून सुरू करा.