साम्रदची सोंड, जी नाळ निघाली

डिसेंबरात आम्ही चौघं सांदण दरी (साम्रद गावाजवळची चिंचोळी, खोल भेग) आणि करोली घाट (तिथून खाली कोकणात उतरणारी वाट) असं दोन दिवसांचं करून आलो. कसाऱ्याला पहाटे उतरून जीप केली, घोटी, भंडारदरा, घाटघर करत साम्रद गाठलं. सांदणबद्दल सगळ्यांनी आधीच लिहून ठेवलंय त्यामुळे थोडक्यात सांगतो, सुरुवातीला पाण्याचे दोन टप्पे लागतात, दुसऱ्यात आम्ही कमरेच्या वर भिजलो आणि दात वाजायला लागले, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरा. आम्ही रॅपलिंगच्या टप्प्याच्या अलीकडूनच परत फिरलो. खरी गंमत दुसऱ्या दिवशीची आहे, आणि जे कोणी सॅटेलाइट फोटो बघून वाटा शोधतात त्यांनी ती वाचाच.

तर घरी बसून फोटोवर वाट शोधायचं काम माझ्याकडे होतं. करोली घाटाच्या मळलेल्या वाटेच्या बाजूला मला एक मस्त सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार, दिसली, एक अंग उजळ, एक अंग काळं, मधे धारदार कणा, थेट खाली कोकणात उतरलेली. म्हटलं वाट सोडून हिच्यावरनं उतरू, नजारा पण भारी मिळेल. रात्री ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या मामांना चुलीजवळ बसून फोन दाखवला. मामा माझ्या समोर बसलेले, म्हणजे त्यांना फोन उलटा दिसत होता. त्यांनी दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "ही नाळ हाये की, सोंड कुठली काढली तुम्ही?" नाळ म्हणजे डोंगरातली खाली उतरणारी घळ, सोंडेच्या बरोबर उलट. मी फोन फिरवून त्यांना सरळ धरून दिला, तर मामा गप्प झाले, डोळे बारीक करून बघत राहिले. मला वाटलं मामांना सवय नाही फोटो बघायची. शहाणपणा तो बघा माझा.

सकाळी मामांना बरोबर न घेता निघालो आणि तासाभरात त्या "सोंडेच्या" माथ्यावर पोचलो. माथा कसला, घळीचं तोंड होतं, मोठमोठे दगड, कारवी, आणि जरा खाली गेल्यावर सुकलेल्या धबधब्याचा सरळ कातळटप्पा. ज्याला मी कणा समजत होतो तो ओढ्याचा तळ होता. परत वर चढून मूळ वाटेला लागेपर्यंत दीड तास गेला आणि बाकीच्या तिघांनी माझा जो काही उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. आपल्या डोक्याला सवय आहे की उजेड वरून येतो. त्यामुळे कुठल्याही चित्रात वरची बाजू उजळ आणि खालची काळी असली की मेंदू त्याला उंचवटा ठरवून मोकळा होतो. पण फोटो काढणारे बरेच उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातात, आणि हिवाळ्यात त्या वेळी आपल्याकडे सूर्य दक्षिण-आग्नेयेला असतो. नकाशात उत्तर वर, म्हणजे फोटोत उजेड खालून येतोय! मग दरीची खालच्या बाजूची भिंत सावलीत, समोरची उन्हात, आणि डोकं म्हणतं ही सोंड. चंद्राच्या फोटोतली विवरं कधीकधी फोडांसारखी फुगलेली दिसतात ना, तोच प्रकार. मामांना फोन उलटा दिसत होता म्हणून उजेड वरून पडलेला दिसला आणि त्यांना बरोबर दिसलं, मी "सरळ" करून दिल्यावर त्यांचा पण घोटाळा झाला.

म्हणून सॅटेलाइट लेयर बघताना दोन बोटांनी नकाशा फिरवून दक्षिण वर करा, बहुतेक वेळा नाळ आणि सोंड आपापल्या जागी पटकन बसतात. पण टेरेन लेयरला, म्हणजे डोंगरउतार सावली रंगवून दाखवणाऱ्या नकाशाला, हे करू नका!! तिथली सावली खरी नसते, नकाशे करणारे पूर्वापार वायव्येकडून उजेड पडतोय असं धरून ती रंगवतात, म्हणजे तो लेयर सरळच बरोबर दिसतो आणि उलटा केलात की तोच घोळ परत. खरा सूर्य आपल्याकडे सकाळी वायव्येला कधीच नसतो, पण डोळ्याला तेच पटतं, काय करणार.

फोन न फिरवता ओळखायचं असेल तर फाटे बघा. नाळा खाली जाताना एकमेकींना मिळत जातात, सोंडा खाली जाताना फुटत जातात. माझ्या सोंडेला वरून तीन फाटे येऊन मिळत होते, तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. शिवाय डिसेंबरात सोंडेवरचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि नाळेत झाडी हिरवी राहते, अर्थात दाट सावली असेल तर हे कळत नाही. पन्नास हजारी टोपोशीट (१:५०,००० प्रमाणाचा उंची दाखवणारा नकाशा) असेल तर प्रश्नच मिटला, त्यात दर २० मीटर उंचीला एक समान उंचीची रेषा असते, तिच्या वळणाचं टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे असलं की नाळ.

थ्रीडी करून बघितलं की झालं असं कोणी म्हणेल, मी पण म्हणायचो. पण थ्रीडी चित्र जमिनीच्या उंचीच्या आकड्यांवरून बनतं, आणि त्यातला फुकट मिळणारा बराचसा डेटा ३० मीटरच्या चौकोनांचा, सांदणसारखी चिंचोळी भेग त्यात मावतच नाही, उतारावर काळी रेघ रंगवल्यासारखी दिसते. आणि उभा कडा वरून घेतलेल्या फोटोत जवळजवळ शून्य रुंदीचा, दोन सपाट्या शेजारी शेजारी वाटतात आणि मधे शंभर मीटर हवा असते. तिथे सावली कामाला येते, हिवाळ्यातल्या साडेदहाच्या फोटोत सूर्य साधारण ४०-४५ अंशांवर असतो, म्हणजे खाली जमीन सपाट असेल तर सावलीची लांबी कड्याच्या उंचीइतकी किंवा जरा जास्त. फोटोची तारीख मात्र बघा, मे महिन्यातल्या फोटोत सावल्या आखडतात.

बाकी पाणी वरूनच भरून घ्या, गावातला वाटाड्या घ्या, आणि त्याला फोन दाखवलात तर तो काय म्हणतो ते ऐका. खाली देहणेतून आसनगावला जायला गाडी आधीच सांगून ठेवा, आम्ही सांगितली नव्हती, उन्हात बसून राहिलो आणि वाट चुकवल्याबद्दल चौघांचा चहा माझ्याकडून गेला.