बनवाबनवीची सीडी जपताना

आज नाशिकच्या घरात दिवसभर जुन्या मराठी विनोदी सिनेमांच्या व्हीसीडी पुसून कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम चाललं. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), ‘धूमधडाका’ (१९८५) असा ऐवज कपाटात असेल तर पावसाळ्याआधी हे उरकाच.

चकचकीत बाजूच्या बारीक ओरखड्यांना घाबरू नका, खरा धोका छापील बाजूला आहे. ॲल्युमिनियमचा थर तिथे वार्निशसारख्या पातळ लेपाखालीच असतो. स्टिकर ओढून काढला किंवा बॉलपेनने नाव कोरलं की थरच निघतो, मग ती सीडी गेलीच. उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढी भोकं दिसली तर ती सीडी आधी उतरवा. पुसायचं मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवू नका, कारण ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल रेषेच्या, दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो.

एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून सिनेमा दोन सीड्यांत. आतली डीएटी फाइल (हिच्यातच सिनेमा असतो) कॉपी होताना अडली तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सीडी थेट चालवून बघा. चित्र ३५२ × २८८ एवढंच, मोठ्या टीव्हीवर फुटतं. पण लक्ष्या आणि अशोकमामांचं टायमिंग तेवढ्यातही लख्ख दिसतं!